लीड आली, पण सीआरएममध्ये पोचली का? इंटिग्रेशनच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांच्या आणि पुण्यातल्या काही बिल्डरांच्या एन्क्वायऱ्या, म्हणजे लीड, त्यांच्या सीआरएममध्ये (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आपोआप उतरवून द्यायच्या, हे माझं काम. ग्राहक कुठूनही येतो. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातीतला फॉर्म, इंडियामार्ट, गुगलची जाहिरात, कंपनीची वेबसाइट. मालकाला मात्र तो एकाच जागी दिसायला हवा असतो. बीसीए, बीएस्सी, डिप्लोमा केलेली बरीच मुलंमुली आता या कामाकडे वळतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणतं टूल शिकू? मी सांगतो, टूल कोणतंही घ्या, आधी मोजायला शिका. स्रोताकडे काल किती लीड आल्या आणि सीआरएममध्ये किती उतरल्या, हे दोन आकडे रोज जुळवायची सवय लागली की बाकीचं त्या ओघात शिकता येतं.

याचं कारण साधं आहे. हरवलेली लीड आवाज करत नाही. बिल चुकलं तर ग्राहक फोन करतो, पगार चुकला तर कामगार दारात येतो. पण फॉर्म भरलेल्या माणसाला कोणी फोन केला नाही, तर तो दुसऱ्या विक्रेत्याकडे जातो आणि मालकाला वाटतं की या महिन्यात बाजारच थंड आहे. वेळेचंही तसंच. २०११ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आलेल्या एका अभ्यासात, ऑनलाइन चौकशीला तासाभरात संपर्क करणाऱ्या कंपन्यांना निर्णय घेणाऱ्या माणसाशी नीट बोलणं होण्याची शक्यता तासाभराने उशीर करणाऱ्यांपेक्षा जवळजवळ सातपट असल्याचं दिसलं होतं. इंडियामार्टची बाय-लीड, म्हणजे खरेदीदाराने तिथे टाकलेली मागणी, तर एकाच वेळी अनेक विक्रेत्यांना मिळू शकते, म्हणजे तिथे शर्यत पहिल्या मिनिटापासून सुरू. आपण जोडलेली नळी तुंबली, तर कोणाची तरी ऑर्डर गेली हे मनात धरूनच कामाला बसा.

सुरुवात एकाच स्रोतापासून करा, आणि तो स्रोत मेटाचा (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीचा) लीड फॉर्म असावा. त्यात जवळजवळ सगळे धडे एकत्र मिळतात. कोणी फॉर्म भरला की मेटा तुमच्या सर्व्हरला वेबहुक, म्हणजे आपोआप जाणारा संदेश, पाठवतं. नवख्यांना वाटतं की त्यात नाव, फोन सगळं येत असेल. तसं नसतं. येतो तो लीडजेन आयडी, फॉर्मचा आयडी, पेजचा आयडी आणि वेळ. हा लीडजेन आयडी घेऊन तुम्ही ग्राफ एपीआयला (प्रोग्रामने माहिती मागायच्या मेटाच्या खिडकीला) पुन्हा विचारायचं, तेव्हा भरलेली माहिती हाती येते. त्यासाठी पेजचं टोकन (एक प्रकारची डिजिटल किल्ली) लागतं, लीड वाचायची परवानगी लागते, आणि बिझनेस सेटिंगमध्ये लीड अ‍ॅक्सेस तुमच्या अ‍ॅपला दिलेला असावा लागतो. हे तीन दरवाजे वेगवेगळे आहेत. त्यातला एक बंद असला तरी वेबहुक येत राहू शकतो, माहिती मात्र येत नाही. झॅपियर, पॅबली, मेक, एन-एट-एन यांतलं जोडणीचं कोणतंही टूल वापरा, आत हेच घडत असतं. म्हणून एकदा तरी पोस्टमन (एपीआयला हाताने विचारून बघायचं साधन) उघडून हे सगळं हाताने करा. जेसन (माहिती ज्या मांडणीत येते ती) वाचता येणं, २०० (मिळालं), ४०१ (ओळख पटली नाही), ४२९ (फार वेळा विचारलं), ५०० (सर्व्हर चुकला) हे उत्तराचे कोड ओळखता येणं आणि संदेश खरंच मेटाचा आहे हे दाखवणारी सही तपासता येणं, एवढ्या भांडवलावर तुम्ही टूल बदललं तरी अडणार नाही.

इंडियामार्टची तऱ्हा वेगळी. तिथे पुश (ते स्वतःहून पाठवतात) आणि पुल दोन्ही सोय आहे. पुलमध्ये आपण ठरावीक वेळाने जाऊन विचारायचं, आणि तेही पाच मिनिटांतून एकदाच, एका वेळी जास्तीत जास्त सात दिवसांचा कालखंड मागून. यात एक बारकावा आहे. मागच्या वेळी जिथे थांबलो तिथूनच पुढे मागितलं, तर सीमेवरच्या एक-दोन लीड निसटू शकतात. मी नेहमी थोडा मागचा वेळ पुन्हा मागतो आणि दुबार आलेल्या लीड आयडीवरून गाळतो. पुन्हा आलेली लीड गाळणं सोपं असतं, निसटलेली शोधणं अवघड.

आता दुबार लीडबद्दल जरा सविस्तर, कारण या कामातला खरा कस इथे लागतो. वेबहुक पाठवणारी कोणतीही सेवा "एकदाच पाठवू" असं वचन देत नाही. तुमच्या सर्व्हरने वेळेत २०० उत्तर दिलं नाही, तर मेटा पुन्हा पाठवतं आणि पुढचे ३६ तास कमी-कमी वेळा प्रयत्न करत राहतं. म्हणून आधी लीड जशीच्या तशी लिहून ठेवा, लगेच २०० द्या, आणि सीआरएममध्ये टाकण्याचं काम मागाहून करा. तीच लीड दुसऱ्यांदा आली तर लीडजेन आयडीवरून ओळखा. इथे एक फसवी जागा आहे. हे आयडी पंधरापेक्षा जास्त अंकी असू शकतात, आणि एक्सेल संख्येचे पंधराच अंक जपतं, पुढच्या जागी शून्य टाकतं. आयडी संख्या म्हणून साठवला की शेवटचे अंक बदलतात आणि दोन वेगळ्या लीड एकच वाटू लागतात. आयडी कायम मजकूर म्हणून ठेवायचा, शीटमध्ये आणि डेटाबेसमध्येही.

आयडी वेगळा पण माणूस तोच, हा दुसरा प्रकार. इंडियामार्टवर चौकशी केली, मग इन्स्टाग्रामवर फॉर्म भरला. दोन सेल्समन एकाच ग्राहकाला दोन भाव सांगतात आणि मालकाची अब्रू जाते. इथे ओळख मोबाइल नंबरावरून पटवायची, पण लोक नंबर पुढे शून्य लावून, ९१ लावून, मधे जागा सोडून, कसाही लिहितात. "सगळे अंक घ्या, शेवटचे दहा ठेवा" हा उपाय जिथे तिथे सापडतो. फक्त देशातल्या गिऱ्हाइकांसाठी तो चालून जातो. पण भोसरीतला पंप किंवा व्हॉल्व्ह बनवणारा निर्यातही करतो. दुबईच्या नंबरात ९७१ नंतर नऊच अंक असतात, त्यामुळे कोडमधला १ नंबराला चिकटतो. ती चूक निदान दिसते, कारण आपल्याकडचे मोबाइल ६ ते ९ नेच सुरू होतात. नेपाळचा मोबाइल मात्र ९७७ नंतर दहा अंकी असतो आणि ९ ने सुरू होतो. शेवटचे दहा ठेवले की तो थेट भारतीय नंबर होऊन बसतो आणि फोन भलत्याच माणसाला लागतो. देशाचा कोड वेगळा काढा, पूर्ण नंबर अधिक चिन्हासह मजकूर म्हणून साठवा, आणि मगच तुलना करा. मेटाच्या फाइलमध्ये नंबराआधी इंग्रजी पी आणि कोलन (p:) लागून येतं, तेही आधी काढायचं.

नावाचं म्हणाल, तर झोहो सीआरएममध्ये लीडला आडनाव सक्तीचं असतं आणि फॉर्ममध्ये लोक नुसतं "गणेश" लिहितात. मी एकच शब्द असेल तर तो आडनावाच्या रकान्यात टाकतो. नाव चुकीच्या रकान्यात बसलं तरी चालेल, लीड परत जाता कामा नये.

जोडणी बंद पडण्याची कारणं तांत्रिक कमी आणि माणसांची जास्त असतात. ज्या मार्केटिंगवाल्याच्या खात्यातून पेज जोडलं तो नोकरी सोडून गेला, त्याने पासवर्ड बदलला, टोकन गेलं. वापरकर्त्याचं लांब मुदतीचं टोकनही साधारण ६० दिवसांचंच असतं. म्हणून जोडणी कंपनीच्या सिस्टिम युजरवर करा, कोणा एकाच्या खात्यावर नको. दुसरं कारण फॉर्मचं. प्रकाशित झालेल्या मेटा फॉर्ममधले प्रश्न बदलता येत नाहीत, त्यामुळे एजन्सी त्याची प्रत काढते, प्रश्न बदलते आणि जाहिरातीला नवा फॉर्म लावते. तुमची जोडणी जुन्या फॉर्मच्या आयडीला बांधलेली असेल, तर ती शांतपणे काही न आणता चालू राहते. टूलमध्ये एकही लाल खूण दिसत नाही, कारण चुकण्यासारखं काही आलेलंच नसतं.

याच ठिकाणी रोजचा ताळा कामाला येतो. सकाळी दहाला एक छोटा प्रोग्राम स्रोताकडून कालच्या लीड मोजतो, सीआरएममधल्या मोजतो आणि फरक असेल तर मला आणि मालकाला संदेश पाठवतो. कालचा दिवस म्हणजे कोणता, हे मात्र नीट ठरवा. मेटा वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) देतं, आपण साडेपाच तास पुढे. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या लीड यूटीसीच्या तारखेने आदल्या दिवशी पडतात, आणि फ्लॅटच्या जाहिरातीवर रात्री उशिरा फॉर्म भरणारे कमी नसतात. फरक सापडला तर मागची लीड ९० दिवसांपर्यंत मेटाकडून परत काढता येते. त्यानंतर ती गेली. ताळा महिन्याने नको, रोज हवा, याचं हेही एक कारण.

लोकांच्या माहितीची जबाबदारीही आपल्यावर येते. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याचा गाभा संमती आणि ती ज्या कारणासाठी दिली ते कारण यांत आहे. चाचणीसाठी खऱ्या ग्राहकांचे नंबर वापरू नका, मेटाचं लीड चाचणीचं साधन त्यासाठीच आहे. लीडची शीट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवण्याची सवय दिसली तर मालकाला थेट सांगा.

एक गोष्ट कोणत्याही कोर्समध्ये मिळणार नाही, ती म्हणजे सेल्सच्या माणसाशेजारी बसणं. तो सीआरएम उघडतो का, की मोबाइलवर आलेल्या संदेशावरूनच फोन लावतो? "३ एचपी, तातडीने हवा" ही ओळ त्याला पहिल्या नजरेत दिसते का? चाकणच्या एका कारखान्यात जोडणी उत्तम चालत होती, तरी फोन उशिरा जात होते, कारण लीड ज्याच्या नावावर पडायची तो दिवसभर शॉपफ्लोअरवर, यंत्रांपाशी असायचा. लीड कोणाच्या नावावर पडायची हा नियम बदलला आणि प्रश्न सुटला. कोडला हातही लावावा लागला नाही.

नोकरी किंवा फ्रीलान्स काम शोधताना प्रमाणपत्रांपेक्षा एक चालतं उदाहरण दाखवा. स्वतःचं एक पेज आणि फॉर्म काढा. झोहो सीआरएमची तीन वापरकर्त्यांपर्यंतची आवृत्ती फुकट आहे, तिथे लीड उतरवा. गुगल अ‍ॅप्स स्क्रिप्टने वेबहुक घेता येतो, पण त्यात हेडर (संदेशासोबतची वरची माहिती, सही त्यातच असते) वाचता येत नाहीत म्हणजे सही तपासता येत नाही, तेव्हा ते सरावापुरतं ठेवा. मग तेच मुद्दाम मोडून बघा. एकच लीड दोनदा पाठवा, परदेशी पद्धतीचा नंबर भरा, देवनागरीत नाव लिहा, टोकन रद्द करा, फॉर्मची प्रत काढून प्रश्न बदला. प्रत्येक वेळी काय झालं, ते तुम्हाला कसं कळलं आणि काय केलं, हे दोन पानांत लिहून सोबत न्या. मी मुलाखत घेतो तेव्हा ती पानं आधी वाचतो आणि एकच गोष्ट खोदून विचारतो: शनिवारी रात्री टोकन गेलं तर तुला कधी कळेल, आणि रविवारच्या लीड सोमवारी सकाळी तू कुठून काढशील?