नवा वाफा करताय? या चुका टाळा

पहिला पाऊस पडला की लोक कुदळ घेऊन अंगणात उतरतात आणि तिथेच घोळ घालतात. काळी माती चिखल असताना खणायची नसते. माझ्या मेहुण्याला हे दरवर्षी सांगतो. गेल्या जुलैत त्याने रात्रभर पडलेल्या पावसानंतर, रविवार वाया जायला नको म्हणून, सकाळीच अख्खा वाफा खणला, वर पायांनी तुडवून सारखा केला आणि दुपारी टोमॅटो लावून मोकळा झाला. आठवडाभर उघडीप मिळाली आणि वाफ्याची फरशी झाली. मुळांना हवा नाही, पाणी वरच्यावर साचतंय, रोपं पिवळी. मग फोन: "दादा, कुठलं खत घालू?" अरे, खताचा काय संबंध?

वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर राहील पण चिखल नसेल. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबा. लाडू वळला आणि बोटाने ढकलल्यावर भुगा झाला, तर खणा. चिकटून राहिला, तर चहा प्या. आधीच ढेकळं करून बसला असाल तर ती सुकू द्या, हलकं पाणी मारा, वाफशावर फोडा आणि कुजलेलं शेणखत मिसळा. वाळू ओतू नका. चिकण मातीत थोड्याशा वाळूने काही साधत नाही.

दुसरी चूक जागेची. मे महिन्यात ऊन बघून भिंतीच्या उत्तरेला वाफा आखतात. मे महिन्याच्या मध्याला पुण्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे भिंतीलगतही लख्ख ऊन दिसतं. डिसेंबरात तोच दक्षिणेला कलतो आणि 10 फुटी भिंतीची सावली भर दुपारीसुद्धा 9 फुटांपर्यंत येते. ऐन हंगामात वांगी सावलीत! फळभाज्यांना सहा तास तरी ऊन हवं. सावलीच वाट्याला आली असेल तर पालक, पुदिना, अळू लावा आणि टोमॅटोचा हट्ट सोडा.

ताजं शेण वाफ्यात घालू नका; मुळं भाजतात, आणि अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी, वाफ्यात येते. वास येत असेल तर ते खत अजून झालेलं नाही.

वाफा चार फुटांहून रुंद नको. मधोमध हात पोचला नाही की तुम्ही आत पाय ठेवणार.

धने रगडून, दोन फाका करून पेरा. गाजर-मुळ्याची रोपं विकत आणू नका, बी जागेवरच टाका. आणि रोपं संध्याकाळी लावा, दुपारी बारा वाजता नव्हे.

राहिली दाटी. बोटभर रोपं बघून लोक वीतभर अंतरावर टोमॅटो लावतात आणि दोन महिन्यांनी जंगल झालं, करपा रोग आला म्हणून रडतात. दोन रोपांत दीड-दोन फूट सोडाच. मधली जागा डोळ्यांत खुपत असेल तर तिथे मेथी फेका. टोमॅटो पसरायच्या आत ती उपटून भाजीला होते.