गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापतीनंतर पुन्हा पोहताना : ब्रेस्टस्ट्रोक सर्वांत शेवटी

पोहण्याने गुडघ्यावर ताण येत नाही, हे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांचे पोहणे म्हणजे बेडकासारखे पाय मारणे, अर्थात ब्रेस्टस्ट्रोक. त्या पद्धतीत पाय बाहेर फेकून पुन्हा जवळ आणताना गुडघ्याच्या आतल्या बाजूचे लिगामेंट (हाडांना जोडणारा चिवट पट्टा), म्हणजे एमसीएल, ताणले जाते. नेमके तेच दुखावले असेल, तर पाण्यात लवकर उतरता येते. मात्र बेडकी पाय सर्वांत शेवटी मारायचे असतात.

पुढील क्रम एमसीएलच्या पहिल्या व दुसऱ्या श्रेणीच्या (लिगामेंट ताणलेले किंवा अर्धवट फाटलेले), शस्त्रक्रिया न लागणाऱ्या दुखापतीसाठी आहे. दुखापतीच्या वेळी ‘फट्’ असा आवाज आला असेल, काही तासांतच गुडघा टम्म फुगला असेल, चालताना तो निसटल्यासारखा वाटत असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर एसीएल (गुडघ्याच्या मधोमध असलेले लिगामेंट) अथवा गुडघ्यातली कूर्चेची गादी फाटल्याची शक्यता असते. अशा वेळी आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

सुरुवातीच्या दिवसांत कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा आणि डॉक्टरांनी सांगितला असल्यास नी ब्रेस (गुडघ्याला आधार देणारा पट्टा) वापरावा. मांडी घालून किंवा उकिडवे बसणे काही आठवडे बंद ठेवावे. दुखणे सोसवेल इतपत व्यायाम मात्र लवकर सुरू करावेत, कारण वापर थांबला की मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने बारीक होतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद खाली दाबणे आणि उताणे झोपून सरळ पाय वीतभर उचलणे, हे दोन व्यायाम दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा केले तरी पुष्कळ झाले.

लंगडणे थांबले आणि गुडघा पूर्ण सरळ होऊ लागला, की फिजिओथेरपिस्टच्या संमतीने तलावात उतरावे. उडी न मारता, शिडी धरून. छातीभर पाण्यात पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्साच येतो, म्हणून पहिले काही दिवस तिथे पुढे-मागे नुसते चालावे. बॅचमधली मुले हसतात, हसू द्यावे.

त्यानंतर मांड्यांमध्ये पुल बॉय (पाय तरंगत ठेवणारा फोमचा ठोकळा) धरून फक्त हातांनी फ्रीस्टाईल करावे. सुरुवातीला 25 मीटरच्या आठ फेऱ्या पुरतात. वळताना भिंतीला दुखऱ्या पायाने रेटा देऊ नये. हे आठवडाभर निर्विघ्न जमले, की कंबरेपासून हलणारी, गुडघा फारसा न वाकवणारी हलकी फ्रीस्टाईल किक घालावी. फिन (पायांत घालायचे रबरी पंख) मात्र वापरू नयेत, कारण त्यांमुळे पाण्याचा जोर वाढून गुडघ्यावरचा ताणही वाढतो.

प्रगतीची खरी कसोटी तलावात नसून दुसऱ्या दिवशी सकाळी लागते. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे नेहमीसारखे दिसतात का, आणि आतल्या कडेला बोटाने दाबल्यावर दुखते का, हे रोज पाहावे. माझ्या स्वतःच्या अशाच दुखापतीनंतर पाचव्या आठवड्यात, ‘अहो, दोन-चार फेऱ्यांनी काय होतंय?’ या शेजारच्या लेनमधल्या काकांच्या आग्रहावरून मी ब्रेस्टस्ट्रोकच्या चार फेऱ्या मारल्या. पाण्यात काहीच जाणवले नाही. सकाळी पांघरुणाचे ओझेही गुडघ्याला नको झाले आणि मी पुन्हा पुल बॉयवर आलो.

एका पायावर तोल सांभाळून अर्धवट बसता आले, जिना उतरताना दुखले नाही आणि दोन्ही मांड्यांची ताकद सारखी वाटू लागली, की मगच ब्रेस्टस्ट्रोककडे वळावे. दुसऱ्या श्रेणीच्या दुखापतीत दोन महिने थांबावे, असे माझे मत आहे. आधी हात ब्रेस्टस्ट्रोकचे आणि पाय फ्रीस्टाईलचे, असे पोहावे. पुढे भिंतीचा कठडा धरून, गुडघे खांद्यांपेक्षा जास्त न फाकवता, सावकाश किक मारून पाहावी. पहिल्या दिवशी दोन फेऱ्या कराव्यात आणि दुसरा दिवस सुटीचा ठेवावा.