इमॅक्समध्ये लिस्प जागच्या जागी चालवताना

इमॅक्स या टेक्स्ट एडिटरची स्वतःची भाषा म्हणजे इमॅक्स लिस्प. तिचा कोड चालवून बघायला फाइल सेव्ह करावी लागत नाही की एडिटर बंद करून उघडावा लागत नाही. एक्सप्रेशनच्या शेवटी कर्सर न्यायचा, कंट्रोल-एक्स कंट्रोल-ई दाबायचं, उत्तर स्क्रीनच्या तळाच्या ओळीत येतं. मेटा म्हणजे साध्या कीबोर्डवरची ऑल्ट, मॅकवरची ऑप्शन. खालची नावं आणि आकडे देवनागरीत आहेत, पण टाइप रोमनमध्येच करा: लिस्पला देवनागरी २ हा आकडा वाटत नाही, व्हेरिएबलचं नाव वाटतं, आणि तो लगेच ‘व्हॉइड व्हेरिएबल’ म्हणून ओरडतो.

कर्सर नेमका कुठे हवा, इथे नवखे हमखास अडकतात. (+ २ ३) चालवताना ठोकळ्यासारखा कर्सर शेवटच्या कंसावर ठेवलात तर उत्तर ५ नाही, ३ येतं. ठोकळा कंसावर दिसत असला तरी इमॅक्सच्या लेखी तुम्ही कंसाच्या अलीकडे आहात, आणि ही कमांड फक्त अलीकडचं एक्सप्रेशन बघते. कर्सर कंसाच्या पुढच्या जागेवर हवा. बरोबर उत्तर आलं की ५ च्या शेजारी तोच आकडा अष्टमान आणि षोडशमान पद्धतीत, शिवाय त्या क्रमांकाचं अक्षर, असं लटांबरही दिसतं; ती चूक नव्हे. लांब यादीच्या शेवटी तीन टिंबं दिसली तर उत्तर छाटलं गेलंय. आधी मेटा-० दाबून तीच कमांड द्या, अख्खं उत्तर बफरमध्ये, म्हणजे उघडलेल्या मजकुरात, उतरतं. फुटकळ प्रयोगांसाठी स्क्रॅच नावाचा कच्च्या कामाचा बफर आहेच: तिथे कंट्रोल-जे दाबलं की उत्तर खालच्या ओळीत छापलं जातं.

फंक्शनच्या पोटातला तुकडा सुटा चालवला तर बहुधा चूकच येते, कारण त्याचे आर्ग्युमेंट त्या क्षणी कुठेच अस्तित्वात नसतात. अशा वेळी फंक्शनमध्ये कुठेही कर्सर ठेवून कंट्रोल-यू कंट्रोल-मेटा-एक्स द्या. त्याने ते फंक्शन एडीबगच्या, म्हणजे कोड पायरीपायरीने चालवून दाखवणाऱ्या डीबगरच्या, ताब्यात जातं. मग ते नेहमीसारखं वापरा. स्पेसबारने एकेक पाऊल पुढे, ई दाबून त्या ठिकाणी हवं ते एक्सप्रेशन तपासता येतं, क्यूने बाहेर. काम झालं की कंट्रोल-यू न लावता कंट्रोल-मेटा-एक्स दाबायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळीही ते फंक्शन मध्येच थांबेल. टर्मिनलमध्ये ही तीन कळांची जुळणी पोचत नसेल तर एस्केप दाबून सोडा, मग कंट्रोल-एक्स.

चूक झाली की बॅकट्रेसची, म्हणजे चुकीपर्यंत कोणती फंक्शन कशी चालत आली त्या यादीची, खिडकी उघडते. ती क्यूने बंद करा. ती तशीच सोडून दुसऱ्या बफरमध्ये काम सुरू केलं तर मोड लाइनवर, म्हणजे खिडकीखालच्या माहितीच्या पट्टीवर, चौकटी कंस दिसत राहतात, म्हणजे तुम्ही अजून डीबगरच्या आतच आहात. ‘एंड ऑफ फाइल’ची तक्रार आली तर कुठेतरी कंस मिटायचा राहिलाय, मेटा-एक्स चेक-पॅरेन्स कर्सर तिथे नेऊन ठेवतं, निदान जवळपास तरी.

खरी डोकेदुखी डिफवारची, म्हणजे व्हेरिएबल जाहीर करून त्याला सुरुवातीची किंमत देणाऱ्या ओळीची. त्याचा नियम असा की व्हेरिएबलला आधीच किंमत असेल तर तिला हात लावायचा नाही. म्हणून फाइलमधली किंमत बदलून इव्हॅल-बफर (अख्खा बफर चालवणारी कमांड) दिलं तरी जुनीच किंमत राहते, आणि माणूस भलतीकडेच चूक शोधत बसतो. कंट्रोल-मेटा-एक्स मात्र डिफवार आणि डिफकस्टम (सेटिंग्जसाठीचा त्याचा भाऊ) दोन्ही नव्याने लावतं. डिफवारमध्ये कीमॅप, म्हणजे कोणती कळ काय करते त्याचा तक्ता, असेल तर एवढ्यानेही भागत नाही: आधीच उघडलेले बफर जुना कीमॅप धरून बसलेले असतात. कीमॅप मेजर मोडचा (बफरच्या मुख्य मोडचा) असेल तर त्या बफरमध्ये तो पुन्हा चालू करा. मायनर मोडचा (वरून जोडलेल्या जास्तीच्या मोडचा) असेल तर त्या मोडची व्याख्याही पुन्हा चालवा.

हुक म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या फंक्शनची यादी, आणि ॲड-हुक त्यात भर घालतं. ॲड-हुकला थेट लॅम्डा, म्हणजे बिननावाचं फंक्शन, देणं आम्हाला पटत नाही. लॅम्डात बदल करून ती ओळ पुन्हा चालवली की जुना लॅम्डा हुकमध्ये राहतो आणि नवा शेजारी येऊन बसतो. मग एकच गोष्ट दोनदा, तीनदा घडायला लागते. नाव दिलेलं फंक्शन हुकला लावा. ते कितीही वेळा बदला, नोंद एकच राहते.

फंक्शनचं नाव बदललं तरी जुन्या नावाचं फंक्शन चालू सत्रात जिवंत असतं. कुठे जुनी हाक राहून गेली असेल तर आज सगळं सुरळीत चालेल आणि उद्या इमॅक्स उघडताच मोडेल. एफमॅकअनबाउंडने (fmakunbound) जुनं नाव काढून टाका. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे इमॅक्स ‘वजा मोठा क्यू’ पर्यायाने वेगळा सुरू करायचा, म्हणजे तुमची कोणतीही सेटिंग्ज न घेता तो उघडतो, आणि त्यात फक्त ही फाइल लोड करायची. फाइलची पहिली ओळ लेक्सिकल-बाइंडिंगची (व्हेरिएबलचा अर्थ कोडमधल्या त्याच्या जागेवरून ठरवणाऱ्या पद्धतीची) आहे ना, तेही बघा: २७ व्या आवृत्तीपासून स्क्रॅचमध्ये लेक्सिकल बाइंडिंग आपोआप असतं, त्यामुळे तिथे चाललेला क्लोजर (भोवतालची व्हेरिएबल लक्षात ठेवणारं फंक्शन) त्या ओळीविना फाइलमध्ये चालेलच असं नाही. आणि शेजारी जुनी कंपाइल केलेली ईएलसी फाइल पडली असेल तर लोड करताना मूळ सेटिंगनुसार इमॅक्स तीच उचलतो, तुमची दुरुस्त ईएल फाइल नव्हे. लोड-प्रीफर-न्यूअर या व्हेरिएबलची किंमत टी (लिस्पमधलं ‘हो’) करा किंवा पुन्हा कंपाइल करा.