पुंगळ्या आणि बंदुकीचे भाग अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये घालण्याआधी

टेबलावर सगळ्यात आधी यायला हवे ते तेल, जे लागणार आहे सगळ्यात शेवटी. अल्ट्रासॉनिक क्लीनर म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म कंपनांनी भाग धुणारे यंत्र. त्यातून निघालेल्या पोलादावर तेलाचा अंशही उरत नाही आणि ओला भाग हवेत आला की काही मिनिटांत गंज धरू लागतो. मी पहिल्यांदा बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा भाग, धुतला तेव्हा तो फडक्यावर ठेवून तेलाची बाटली शोधायला गेलो. परत येईपर्यंत पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाभोवती नारिंगी छटा उमटली होती. तेव्हापासून पाणी हटवणारे तेल, नेहमीचे वंगण, सुती फडकी आणि एक रिकामा ट्रे उजव्या हाताला मांडल्याशिवाय मी टाकीत पाणीसुद्धा ओतत नाही. यंत्राचे काम दहा-पंधरा मिनिटांचे असते. धुलाई बिघडते ती त्याच्या आधी किंवा नंतर.

मग बंदूक रिकामी करा. मॅगझिन काढा, चेंबर (काडतूस बसते ती जागा) उघडून डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा, आणि त्यानंतरच खोलायला घ्या. पुंगळ्यांचा, म्हणजे उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्यांचा, ढीगही असाच हाताखालून एकेक करून जाऊ द्या. त्यात एखादे न उडालेले काडतूस किंवा जिवंत प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, दारू पेटवणारी छोटी टोपी) लपलेला असू शकतो. जिवंत दारूगोळा या टाकीत कधीच नाही, अगदी बाहेरून पुसल्यासारखा करायलाही नाही. पुंगळ्या बाळगणे आणि पुन्हा भरणे यांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, तेव्हा आपल्या परवान्यात हे बसते का तेही आधीच पाहिलेले असावे.

आता निवडणी. पुंगळ्या कॅलिबरप्रमाणे म्हणजे मापाप्रमाणे वेगळ्या करा, कारण ९ मिलिमीटरची पुंगळी .४५च्या पोटात बेमालूम शिरते आणि मग दोघींच्याही आत द्रव पोहोचत नाही. पोलादी पुंगळ्या बाजूला काढा. माती आणि वाळू साध्या पाण्याने आधीच धुऊन टाका, नाहीतर तोच गाळ टाकीच्या तळाशी बसतो. फुटलेले प्रायमर काढून टाकल्याशिवाय पुंगळ्या टाकीत घालू नका, असे मी आग्रहाने सांगेन. प्रायमर जागेवर राहिला तर त्याच्यामागे पाणी अडकते, वाळायला दिवसच्या दिवस लागतात आणि त्या खोबणीतली राख तशीच राहते. खरे तर ती खोबण स्वच्छ निघणे हाच या यंत्राचा मोठा फायदा आहे. अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात फिरवलेले पितळ चकाकते, पण खोबण काळीच राहते. इथे उलट होते: आतबाहेर स्वच्छ, पण रंग जरा मंद. आरशासारखी चमक हवी असेल तर ती भुशातच मिळेल, आणि दोन्ही करायला काहीच हरकत नाही.

द्रावण दोन लागतील आणि ती कधीही एकत्र करायची नाहीत. पितळाला सौम्य आम्ल मानवते, पोलादाला सौम्य अल्कली. पितळासाठी एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड आणि भांडी धुण्याच्या द्रव साबणाचे दोन थेंब पुरतात. जास्त घातले म्हणून जास्त स्वच्छ होत नाही. पुंगळीच्या पितळात साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. आम्ल तीव्र झाले किंवा पुंगळ्या फार वेळ बुडून राहिल्या की वरच्या थरातले जस्त निघून जाते आणि पितळ गुलाबी दिसू लागते. गुलाबी छटा दिसली की थांबायचे. ज्या द्रावणात पितळ धुतले त्यात तांबे उतरलेले असते. त्यातच पोलादाचा भाग टाकला तर त्याच्यावर तांब्याचा पातळ मुलामा चढतो, आणि ब्लूइंग (पोलादावरचा गंज रोखणारा निळसर काळा थर) केलेला भाग असेल तर आम्लाने ब्लूइंगही उतरते. एक टाकी असली तरी चालते. मात्र पितळानंतर ती रिकामी करून, विसळून, मगच भागांसाठी नवे द्रावण भरा.

अमोनिया असलेले कोणतेही क्लीनर पितळाजवळ आणू नका. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली असत आणि वापरायला काढली की पुंगळ्यांना तडे गेलेले दिसत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि पुंगळी ओढून घडवताना पितळात राहिलेला ताण, या तिघांचा तो परिणाम होता. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली त्याचा उलगडा केला. काच पुसण्याच्या कितीतरी द्रवांत हाच अमोनिया असतो, म्हणून बाटलीवरचे लेबल वाचूनच बाटली उघडा.

पेट्रोल, रॉकेल, थिनर, स्पिरिट यांपैकी काहीही टाकीत ओतायचे नाही. टाकीला हीटर असतो, आत वीज असते, आणि द्रव थरथरून त्याची वाफ हवेत जाते. आग लागायला आणखी काही लागत नाही. या यंत्रात पाण्यात मिसळणारी द्रावणेच वापरायची.

यंत्राकडे वळू. बहुतेक छोटी यंत्रे ४० किलोहर्ट्झच्या आसपास चालतात. तळाला चिकटवलेले पिझो ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेवर कंप पावणाऱ्या चकत्या, पाणी थरथरवतात, त्यात सूक्ष्म पोकळ्या तयार होतात आणि भागाच्या पृष्ठभागाशी फुटताना काजळी उचकटून काढतात. म्हणूनच ब्रश पोहोचत नाही अशा भोकातही हे काम होते. म्हणूनच यंत्र चालू असताना त्यात बोटे घालायची नाहीत. नव्या पाण्यात हवा विरघळलेली असते आणि ती या पोकळ्यांचा जोर खाऊन टाकते, त्यामुळे टाकीत काहीही न घालता पाच-दहा मिनिटे नुसते पाणी चालवून घ्या. तापमान ५० ते ६० अंश सेल्सिअस ठीक. पाणी उकळीच्या जवळ गेले की पोकळ्यांत वाफ भरते आणि मार बोथट होतो. यंत्र नीट चालते का हे पाहायला स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी पाण्यात उभी धरा. मिनिटाभरात तिच्यावर सगळीकडे बारीक खळगे आणि भोके पडली पाहिजेत. एका बाजूचा तुकडा कोराच राहिला तर त्या बाजूला भाग ठेवून उपयोग नाही. कोरडी टाकी कधी चालू करू नका. भाग थेट तळावर ठेवू नका, जाळीची टोपली लटकवा. पाणी खुणेपर्यंत हवेच. दोन-चार बारीक स्प्रिंगांसाठी मी काचेच्या बीकरमध्ये द्रावण घेऊन तो टाकीतल्या पाण्यात अर्धा बुडवतो, तळाला न टेकवता. काचेतून कंपने चांगली जातात, आणि घाण होतो तो फक्त वाटीभर द्रव. प्लास्टिकचे भांडे कंपने शोषून घेते.

बंदुकीच्या भागांपैकी टाकीत काय घालायचे नाही याची यादी मोठी आहे. लाकडी मुठी आणि दस्ते, दुर्बिणी आणि नेम धरायच्या लाल ठिपक्याच्या साइट, ट्रिशियम या किरणोत्सारी वायूने चकाकणाऱ्या साइट, बॅटरीवर चालणारे काहीही, रंग भरलेली अक्षरे असलेले भाग, हे सगळे बाहेर राहील. ॲल्युमिनियमच्या भागांना तीव्र अल्कली चालत नाही, त्यांच्यासाठी बाटलीवर ॲल्युमिनियमला चालते असे लिहिलेलेच द्रावण घ्या आणि त्यांना पोलादाबरोबर एका टोपलीत रगडू देऊ नका. उरतात ते या यंत्रासाठी अगदी योग्य भाग: बोल्ट, एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिन, स्प्रिंगा, गॅस पिस्टन. खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. चापाची जुळणी पुन्हा जोडता येईल याची खात्री नसेल तर ती खोलूच नका. जाड तेल आणि ग्रीस आधी फडक्याने पुसून घ्या, नाहीतर सगळे द्रावण पहिल्याच भागावर संपते. नळीत बसलेला गोळीच्या तांब्याचा थर मात्र साबणाच्या पाण्याने निघत नाही, तिथे ब्रश आणि तांबे विरघळवणारे सॉल्व्हंटच लागेल. जुना लष्करी साठा वापरला असेल तर त्याच्या प्रायमरमधले क्षार हवेतला ओलावा ओढतात. ते पाण्यातच विरघळतात, तेलात नाही, म्हणून अशा दिवशी धुलाई उद्यावर टाकू नये.

पुंगळ्या टोपलीत पसरून ठेवा, ढीग नको, आणि त्यांच्या पोटात हवा अडकू देऊ नका. आधी वेगळ्या भांड्यात बुडवून हलवल्या की बुडबुडे निघून जातात. पाच मिनिटे चालवा, हलवा, पुन्हा पाच मिनिटे चालवा. काढल्यावर एकदा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्यात विसळा, म्हणजे डाग राहत नाहीत. वाळवायला ऊन किंवा १०० अंशांखालची कोरडी उष्णता पुरते. घाईने बर्नर दाखवू नका. पुंगळीच्या बुडाचे पितळ मऊ पडले तर ती पुढच्या बाराला फाटू शकते. स्वच्छ पितळावर दोष स्पष्ट दिसतात, तेव्हा मानेवरचे तडे आणि बुडाच्या किंचित वरचे चकचकीत कडे याच वेळी शोधा. अशी पुंगळी चेपून भंगारात टाका, म्हणजे चुकून परत येणार नाही. पुंगळ्यांच्या माना आतून इतक्या कोरड्या झालेल्या असतात की गोळी बसवताना अडखळते. किंचित ग्रॅफाइट लावले की सुरळीत बसते.

पोलादी भाग मात्र वाळण्याची वाट बघत ठेवायचे नाहीत. गरम पाण्यातून काढले की दाबाच्या हवेने भोके फुंकून काढा, लगेच पाणी हटवणाऱ्या तेलात बुडवा, निथळू द्या, मग वंगण लावून जोडा. जोडल्यावर रिकाम्या बंदुकीचा खटका आणि सेफ्टी तपासा.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त काळजी शिशाची वाटते. बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट हे शिशाचे स्फोटक संयुग असते आणि धुतलेल्या राखेतले शिसे त्या करड्या पाण्यात उतरते. नायट्रिल हातमोजे घाला. टाकी, टोपली, चमचा, गाळणी यांतले काहीही पुन्हा स्वयंपाकात जाऊ देऊ नका. लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. झाकण लावून चालवा, म्हणजे तुषारही उडत नाहीत आणि किरकिरही कमी होते. वापरलेला द्रव मोरीत ओतायचा नाही. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यावर ‘शिसे, विषारी’ असे ठळक लिहा आणि घातक कचरा घेणाऱ्या ठिकाणी द्या. तो कॅनही तयारीचाच भाग आहे, तेव्हा तेलाच्या बाटलीशेजारी आधीच ठेवा.