शहर परिषदेतून डॉइलमध्ये : आयरिश बोलणाऱ्या लोकप्रतिनिधीची कारकीर्द अभ्यासताना

आयर्लंडच्या राजकारणाचा अभ्यास करायला येणारे आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी थेट डब्लिनच्या लेन्स्टर हाउसकडे, म्हणजे संसद भवनाकडे, वळतात आणि पक्ष, आघाड्या व मंत्रिपदे यांतच पहिले सत्र घालवतात. मी गॉलवेत शिकत असताना सुरुवात स्थानिक परिषदेपासून केली, कारण अभ्यासासाठी निवडलेली कारकीर्द कॅथरिन कॉनोली यांची होती. आज त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षा आहेत. परंतु नव्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडे पाहावे ते या पदामुळे नव्हे, तर 1999 ते 2016 या काळात त्या गॉलवे शहर परिषदेच्या सदस्य होत्या म्हणून, असे मला मनापासून वाटते.

कॉनोली यांचा जन्म 1957 मध्ये गॉलवेच्या शांटाला या कष्टकरी वस्तीत झाला. घरात चौदा भावंडे होती आणि त्या नऊ वर्षांच्या असताना आई वारली. पुढे त्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ झाल्या, नंतर कायदा शिकून बॅरिस्टर झाल्या. 1999 मध्ये मजूर पक्षाच्या वतीने शहर परिषदेवर निवडून आल्यानंतर 2004-05 या वर्षी त्यांनी महापौरपद सांभाळले. 2007 च्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या मायकल डी. हिगिन्स यांच्या जोडीला दुसरी उमेदवारी देण्यास पक्षाने नकार दिला, तेव्हा त्यांनी पक्ष सोडला आणि अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या. ती निवडणूक त्या हरल्या. 2011 मध्ये तर शेवटची जागा फेरमोजणीनंतर अवघ्या 17 मतांनी हुकली. अखेर 2016 मध्ये गॉलवे वेस्ट मतदारसंघातून त्यांनी डॉइलमध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, प्रवेश केला.

सतरा मतांचा हा फरक नीट समजून घ्यायचा असेल, तर मतदानाची पद्धत आधी पक्की करावी लागते. पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्या मराठी वाचकाला पसंतीक्रम नवा नाही. इथे मात्र एकाच मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडले जातात. गॉलवे वेस्टमधून त्या काळी पाच निवडले जात. म्हणून वैध मतांना सहाने भागून येणाऱ्या संख्येत एक मिळवला की विजयाचा कोटा ठरत असे. कोट्यापेक्षा जास्त पडलेली मते आणि बाद झालेल्या उमेदवारांची मते पुढच्या पसंतीनुसार इतरांकडे सरकत जातात. जून 2024 मधील स्थानिक निवडणुकीची मोजणी मी आवर्जून पाहायला गेलो होतो. मतपेट्या रिकाम्या होऊन मतपत्रिका उलगडल्या जाऊ लागल्या की पक्षांचे कार्यकर्ते कठड्यावर ओणवे होऊन, हातातल्या तक्त्यावर पेन्सिलीने रेघा ओढत, कोणत्या पेटीत कोणाला पहिली पसंती मिळाली याची टिपणे करतात आणि अधिकृत आकडा येण्यापूर्वीच निकालाचा अंदाज बांधतात. तो दिवस पाहिल्यावर ध्यानात येते की दुसऱ्या पक्षाच्या मतदाराने दिलेली तिसरी-चौथी पसंतीसुद्धा अपक्ष उमेदवाराला तारू शकते, आणि ती पसंती बहुधा घराच्या, रस्त्याच्या, पाण्याच्या कामात वर्षानुवर्षे कमावलेली असते. परिषदेच्या बैठकांचे इतिवृत्त कंटाळवाणे वाटते. तरीही ते वाचल्याशिवाय या कारकिर्दीचा अर्थ लागत नाही.

भाषेचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. आयरिश संविधानाच्या आठव्या कलमानुसार आयरिश ही राष्ट्रभाषा आणि पहिली राजभाषा आहे. प्रत्यक्षात 2022 च्या जनगणनेत सुमारे 18 लाख 74 हजार लोकांनी आयरिश येत असल्याचे नोंदवले, तर शिक्षणसंस्थांबाहेर ती रोज बोलणारे जेमतेम 72 हजार निघाले. गॉलवे वेस्टमध्ये शहराबरोबरच कॉनेमारा आणि अ‍ॅरन बेटे येतात आणि तिथे ही भाषा आजही घरात बोलली जाते. कॉनोली यांनी प्रौढपणी ती जिद्दीने पुन्हा आत्मसात केली, आणि संसदेत गेल्यावर आयरिश भाषा, गेल्टाख्ट (आयरिशभाषक प्रदेश) व बेटे यांविषयीच्या संयुक्त समितीचे अध्यक्षपद भूषवले. भाषणाच्या आरंभी आयरिशमध्ये चार वाक्ये बोलून इंग्रजीकडे वळणारे राजकारणी पुष्कळ आहेत. समितीत बसून अधिकाऱ्यांना त्याच भाषेत प्रश्न विचारणे आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करणे हे निराळे काम आहे, आणि माझ्या मते आयरिशभाषक लोकप्रतिनिधीची पारख तिथेच होते.

अभ्यासाला बसणाऱ्याने एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी : संसदेच्या कामकाजाचा अधिकृत वृत्तांत सदस्य ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत छापला जातो, त्यामुळे आयरिश भाषणांचे इंग्रजी भाषांतर शेजारी मिळेल अशी अपेक्षा धरू नये. मी आधी चित्रफीत लावून समकालिक अनुवाद ऐकत असे, त्यानंतर मूळ मजकूर शब्दकोश घेऊन वाचत असे. गॉलवेत संभाषणासाठी जमणारी छोटी मंडळे आहेत; तिथे चुकतमाकत बोलणाऱ्या परदेशी माणसाचे स्वागतच होते. पुस्तकी आयरिश आणि कॉनेमाराची बोली यांतील अंतर तिथे बसल्याशिवाय कानाला कळत नाही.

डॉइलवर निवडून आलेल्या सदस्याला परिषदेची जागा सोडावी लागते आणि ती पोटनिवडणुकीने नव्हे, तर परिषदेने स्वीकृत केलेल्या सदस्याने भरली जाते. कॉनोली 2020 मध्ये डॉइलच्या उपसभापती झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या महिला. ऑक्टोबर 2025 मध्ये पहिल्या पसंतीची 63 टक्क्यांहून अधिक मते मिळवून त्या राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या. त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष हिगिन्स हेही आयरिश बोलणारे, गॉलवेचे माजी महापौर आणि त्याच मतदारसंघाचे माजी खासदार होते, हे विद्यार्थ्याने तुलनेसाठी जरूर हाताशी ठेवावे. मराठी वाचकाला जवळचे असलेले लिओ वराडकर, ज्यांचे घराणे मालवण तालुक्यातील वराडचे, तेही डब्लिनलगतच्या फिंगल परिषदेतून 2007 मध्ये डॉइलमध्ये गेले आणि 2017 मध्ये पंतप्रधान झाले.

आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसलेली बाब म्हणजे आयर्लंडमध्ये राहणाऱ्या प्रौढ व्यक्तीला, तिचे नागरिकत्व कोणत्याही देशाचे असो, स्थानिक निवडणुकीत मत देता येते आणि उमेदवारही होता येते. डॉइलच्या उमेदवारीसाठी मात्र आयरिश नागरिकत्व आणि 21 वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. स्थानिक निवडणुका दर पाच वर्षांनी होतात, म्हणजे पुढच्या 2029 मध्ये येतील. तेव्हा राहत्या पत्त्यावर मतदार यादीत नाव नोंदवून घ्यावे, आपल्या प्रभागाचे सदस्य कोण आहेत ते शोधावे आणि परिषदेची एखादी बैठक प्रेक्षक म्हणून पूर्ण वेळ बसून पाहावी.