रस्त्यावर बायकरने बायकरला सलाम कसा करावा

समोरून बाईकवाला आला की डावा हात खाली सोडायचा, दोन बोटं जमिनीकडे करायची, झालं! हा सल्ला इतक्या ठिकाणी इतक्या वेळा दिला जातो की तो सगळीकडे लागू पडतो असंच लोकांना वाटतं. अमेरिका, जर्मनी, फ्रान्स अशा देशांत, जिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तिथे तो बरोबर आहे. भारत, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया इथे वाहनं डाव्या बाजूने चालतात आणि तिथे तो जवळजवळ निरुपयोगी आहे. कारण साधं आहे. तिथे समोरचा तुमच्या उजवीकडून जातो. तुमचा खाली सोडलेला डावा हात टाकी आणि मांडीच्या आड लपतो, त्याला काहीच दिसत नाही. त्याच्या बाजूला असलेला तुमचा उजवा हात तर अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकवर अडकलेला.

१९०४ साली हार्ले आणि डेव्हिडसन यांनी रस्त्यात एकमेकांना हात केला आणि तिथून ही पद्धत सुरू झाली, अशी एक दंतकथा सांगितली जाते. ती बाजूला ठेवा. हात कधी सोडायचा, कुठपर्यंत उचलायचा आणि केव्हा परत ठेवायचा, एवढंच कामाचं आहे.

आधी ठरवा: करायचा की नाही

रस्ता सरळ, कोरडा, पुढे मोकळा, गिअर वरचा आणि वेग स्थिर असेल तरच सलाम. वळण, चौक, घाटातला उतार, खडी, ओला रस्ता, आडवा वारा, ओव्हरटेक, मागे चिकटलेला ट्रक, यातलं एक जरी असलं तरी दोन्ही हात हँडलवर. समोरच्याने हात केला म्हणून उत्तर देणं बंधनकारक नाही. वळणात असलेल्या माणसाकडून उत्तराची अपेक्षा करणाऱ्याला बाईक चालवणं पुरतं कळलेलं नाही.

दोघंही ताशी ८० ने येत असाल तर तुमच्यातलं अंतर सेकंदाला ४४ मीटरने कमी होतं. दोनशे मीटरवर बाईक ओळखू आली तरी हातात साडेचार सेकंद असतात. त्यातला पहिला सेकंद ‘ही बाईकच आहे ना’ यात जातो, शेवटचा सेकंद दोन्ही हात हँडलवर असायला हवेत म्हणून राखून ठेवायचा. उरलेल्या वेळात एकच छोटी, स्पष्ट हालचाल बसते. शंभर मीटरच्या आसपास सुरू करा आणि तो शेजारी येण्याआधी संपवा. समोरासमोर आल्यावर केलेला सलाम कोणाला दिसत नाही, आणि दिसलाच तर त्याला उत्तर द्यायला वेळ उरत नाही.

अवघड भाग: डाव्या बाजूच्या वाहतुकीत

नवखे लोक इथे हमखास दोन चुका करतात.

पहिली चूक म्हणजे उजवा हात सोडणं. अ‍ॅक्सिलरेटरची मूठ स्प्रिंगवर असते. सोडली की लगेच बंद होते. बाईक इंजिनच्या ओढीने मंदावते, वजन पुढच्या चाकावर येतं, आणि ब्रेक न दाबल्यामुळे मागचा लाल दिवा लागतच नाही. मागच्याला कळतं ते तुम्ही त्याच्या बंपरजवळ आल्यावर. शिवाय जोरात थांबायची वेळ आली तर बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो आणि त्याचा लिव्हर तुम्ही नुकताच सोडलेला असतो. क्रूझ कंट्रोल किंवा मूठ अडकवून ठेवणारी क्लिप लावून उजवा हात मोकळा करा, असंही सुचवणारे भेटतात. वेग टिकेल, ब्रेक मात्र हाताबाहेरच राहील. हा सल्ला ऐकू नका.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण ती सुरक्षित वाटते: डावा हात उंच करून हलवणं. ताशी ८०-९० ला हात खांद्याच्या वर गेला की वारा त्याला मागे रेटतो. डावा खांदा मागे जातो, त्याबरोबर उजवा खांदा पुढे येतो आणि उजवा हात नकळत मूठ पुढे ढकलतो. रांगण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगात कोणतीही दुचाकी उजवी मूठ पुढे ढकलली की उजवीकडे कलते आणि उजवीकडे वळते. डाव्या बाजूच्या वाहतुकीत उजवीकडे काय असतं? ज्याला तुम्ही सलाम करताय तो. बाईक एखादा फूट सरकते, तुम्हाला वाटतं वाऱ्याने ढकललं, आणि तुम्ही घाबरून दोन्ही हातांनी हँडल आवळता. हात वर करण्याची हौस असणाऱ्यांनी एवढं समजून घेतलं तर निम्मा प्रश्न सुटेल.

मग करायचं काय? मान तिरकी करा. ब्रिटनमध्ये बायकर मानेनेच काम भागवतात, त्यामागे हेच गणित आहे. पण मान हलवण्यातही फरक आहे. हनुवटी खाली-वर करून होकार देतो तशी हालचाल फुल फेस हेल्मेटमध्ये साठ-सत्तर मीटरवरून दिसतच नाही, कारण समोरून हेल्मेट गोलच्या गोलच राहतं. वर तुमची नजर क्षणभर रस्त्यावरून टाकीवर येते. त्याऐवजी डोकं समोरच्याच्या बाजूला, म्हणजे उजव्या खांद्याकडे, तिरकं करा. हेल्मेटचा आकार एकदम कललेला दिसतो आणि तो लांबून ओळखू येतो. नजर रस्त्यावरच राहते. अर्धा सेकंद थांबवा, सरळ करा. एकदाच. तीन-चारदा डोकं हलवलंत तर हेल्मेट सैल आहे असं वाटेल.

मान कलवताना फक्त मानच हलली पाहिजे. ज्यांचे कोपर ताठ असतात त्यांचा खांदाही डोक्याबरोबर झुकतो आणि हँडलवर दाब पडतो. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपर सैल सोडा, मग करून बघा. रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी ४० ला मान कलवायची आणि बाईक आपल्या रेषेतून हलते का ते पाहायचं. हलत असेल तर दोष सलामाचा नाही, हँडल आवळून धरण्याचा आहे. आधी तो घालवा.

हातानेच करायचं असेल तर डावा हात, पण असा: कोपर बरगडीजवळ ठेवायचं, पंजा छातीच्या पुढे हनुवटीपेक्षा खाली आणायचा, बोटं जुळलेली, तळवा पुढे. आरशाच्या टोकाच्या बाहेर हात जाऊ द्यायचा नाही. इतक्या जवळ धरलेल्या हातावर वाऱ्याला जोर मिळत नाही, आणि समोरच्याला तो स्पीडोमीटरच्या वर, दोन आरशांच्या मधोमध दिसतो. काळे हातमोजे आणि काळं जॅकेट असेल तर तेही दिसत नाही. तेव्हा मानच बरी. ताशी ६० च्या पुढे हे करू नका. गिअर नसलेल्या स्कूटरवर डाव्या हातातही ब्रेक असतो, म्हणून स्कूटरवाल्यांनी हाताचा नाद सोडून मानेवरच यावं.

तिसरा एक प्रकार आहे, उजव्या हाताची चार बोटं क्षणभर उघडण्याचा. अंगठा आणि तळव्याची गादी मूठ धरून ठेवतात, बोटं पुढे पंख्यासारखी उघडतात. दिसायला छान, पण बोटं उघडली की मनगट आपोआप खाली जातं, आणि मनगट खाली जाणं म्हणजेच अ‍ॅक्सिलरेटर पिळणं. ताकदवान बाईकवर त्याचा धक्का चांगलाच जाणवतो. मनगट सरळ ठेवायची सवय असेल तरच हे करावं. नसेल तर शिकायची गरजही नाही.

उजव्या बाजूच्या वाहतुकीत

परदेशात भाड्याची बाईक घेणाऱ्यांसाठी एवढंच: डावा हात हँडलच्या खाली, मांडीपासून थोडा बाहेर, दोन बोटं किंवा उघडा पंजा जमिनीकडे. हात स्थिर ठेवा, हलवू नका. हात खाली असण्याला कारण आहे. अमेरिकेत डावा हात आडवा सरळ म्हणजे डावीकडे वळणार, कोपरातून वर म्हणजे उजवीकडे वळणार, कोपरातून खाली आणि तळवा मागे म्हणजे थांबणार. मागचा कारवाला तुमच्या सलामाला वळण्याचा इशारा समजू शकतो. म्हणून हात आडवा ताणायचा नाही, वर न्यायचा नाही, आणि बोटं स्पष्ट दिसली पाहिजेत.

ओव्हरटेक करताना

इथे डाव्या बाजूच्या वाहतुकीत उलट सोय होते. पुढच्या बायकरला तुम्ही उजवीकडून मागे टाकता, तो तुमच्या डावीकडे राहतो, म्हणजे खाली सोडलेला डावा हात त्याला नीट दिसतो. फक्त शेजारी असताना करायचा नाही. कोणी अचानक बगलेत येऊन हात हलवला तर माणूस दचकतो. पूर्ण पुढे जा, आपल्या लेनमध्ये या, आरशात तो दिसला की हात खाली सोडा. वाट देणाऱ्या कारवाल्याचे आभारही असेच.

फ्रान्समध्ये उजवा हात मोकळा नसण्याच्या अडचणीतून पायाची पद्धत आली. तिथे बाईक गाड्यांच्या रांगांमधून डावीकडून पुढे जाते, वाट देणारी कार उजवीकडे राहते, उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरवर. म्हणून उजवा पाय फूटरेस्टवरून उचलून बाजूला काढतात. नव्या माणसाला ती लाथ वाटते. ते आभार आहेत. आपण ते करताना मात्र पाय रस्त्याला टेकणार नाही एवढं पाहा, आणि मागचा ब्रेकही त्याच पायाखाली असतो हे विसरू नका.

ग्रुप, पिलियन आणि इतर गुंते

समोरून पंधरा बाईकची रांग आली तर पंधरा सलाम करायचे नाहीत. पहिल्याला एक, बस. मध्येच कोणी केला तर मान कलवा. तुम्ही रांगेत असाल तर पुढच्याने उत्तर द्यावं, बाकीच्यांनी आपापलं अंतर सांभाळावं. ग्रुप राइडमध्ये हाताचे इशारे ठरलेले असतात: वर केलेलं एक बोट म्हणजे एका रांगेत या, दोन बोटं म्हणजे दोन रांगा, टाकीकडे बोट म्हणजे पेट्रोल, हेल्मेटवर थाप म्हणजे पुढे पोलीस किंवा धोका. लीडरने समोरच्याला दोन बोटं वर दाखवली की मागचे लोक दोन रांगा करू लागतात. लीडरने म्हणूनच मानेवर भागवावं.

मागे कोणी बसलं असेल तर सलामाचं काम त्याच्याकडे द्या. त्याचे हात मोकळे असतात, त्याला ब्रेक नाही, क्लच नाही. मात्र बाजूला झुकायचं नाही आणि हात चालवणाऱ्याच्या खांद्याच्या रेषेच्या बाहेर फार न्यायचा नाही, हे निघण्याआधी सांगून ठेवा.

हॉर्न आणि डिपर हे सलाम नव्हेत. डिपरचा अर्थ पुढे काहीतरी आहे, किंवा तुमचा अप्पर लागलाय, असा घेतला जातो. उगाच मारलात तर समोरचा वेग कमी करून धोका शोधत बसेल. रात्री हात दिसत नाही, मानही दिसत नाही. रात्री करू नका.

कोणाला करायचा यावर फार वाद होतात. जिथे दुचाकी हेच रोजचं वाहन आहे तिथे शहरात प्रत्येकाला सलाम करत बसलात तर घरी पोचणार नाही. शहराबाहेरचा मोकळा रस्ता, लांबच्या प्रवासाचं सामान लादलेली बाईक, जॅकेट, हातमोजे असा पूर्ण रायडिंग गिअर अंगावर असलेला रायडर, एवढी खूण पुरे. कंपनी आणि सीसी बघून सलाम करणारे आहेत. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. शंभर सीसीवर सॅडलबॅग लटकवून डोंगर चढणाऱ्याला तर आधी करावा. उत्तर आलं नाही तर तो क्लच दाबत असेल, खड्डा चुकवत असेल, नाहीतर त्याला तुम्ही दिसलाच नसाल. मागे वळून बघू नका.

कडेला थांबलेला बायकर

इथे सलामापेक्षा चौकशी महत्त्वाची. आरसा बघून वेग कमी करा, डाव्या हाताचा अंगठा वर करून भुवया उडवल्यासारखं डोकं हलवा, म्हणजे ‘ठीक आहे ना?’ त्याने अंगठा वर केला तर पुढे जा. त्याने दोन्ही हात हलवले, मान आडवी हलवली किंवा काहीच केलं नाही, तर थांबा. बाईकच्या मागे रस्त्याच्या कडेला हेल्मेट जमिनीवर ठेवलेलं दिसलं तर अनेक बायकर त्याचा अर्थ ‘मदत हवी’ असा घेतात. बाईकवाला दिसत नसला तरी तिथे थांबून आसपास नजर टाका. थांबताना त्याच्या बाईकच्या पुढे, रस्त्याच्या पूर्ण बाहेर गाडी लावा. मागे लावलीत तर त्याचा इंडिकेटर तुमच्या बाईकच्या आड जातो.