डिझेलमध्ये धातुयुक्त अॅडिटिव्ह टाकण्यापूर्वी

काळा धूर कमी होईल आणि मायलेज वाढेल, अशी हमी देणारी बाटली डिझेलच्या टाकीत रिकामी करण्यापूर्वी उत्पादकाचे सुरक्षा माहितीपत्रक मिळवावे आणि त्यात सेरियम, मँगनीज किंवा फेरोसीनच्या रूपातील लोह आहे का, हे पाहावे. सीटेन, म्हणजे डिझेल किती सहज पेट घेते त्याचा निर्देशांक, वाढवणारी नायट्रेटवर्गीय द्रव्ये ज्वलनात पूर्ण जळून जातात; धातू मात्र जळून नाहीसा होत नाही, तो ऑक्साइडच्या राखेच्या रूपात कुठे ना कुठे उरतोच.

सेरियम ऑक्साइड काजळीच्या कणांना स्वतःजवळचा ऑक्सिजन देतो आणि भोवतालच्या वायूतून तो पुन्हा घेतो, त्यामुळे काजळी कमी तापमानाला पेट घेते. एरवी ती जळण्यासाठी सुमारे ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते; अशा उत्प्रेरकाने ते ४५० अंशांच्या आसपास येते. याच तत्त्वावर प्यूजोने २००० साली ६०७ या मोटारीत काजळीचा फिल्टर बसवला. पण तिथे वेगळ्या टाकीतून मोजून सोडलेला डोस होता, राखेचा हिशेब धरून आखलेला फिल्टर होता, आणि तरीही सुरुवातीच्या मोटारींत तो सुमारे ८०,००० किलोमीटरनंतर काढून साफ करावा लागे. हाताने ओतलेल्या बाटलीला यातले कसलेच पाठबळ नसते.

म्हणून १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या, फिल्टर असलेल्या गाडीत, मालकाच्या पुस्तिकेत स्पष्ट परवानगी असल्याशिवाय धातुयुक्त द्रव्य टाकू नये, असे माझे ठाम मत आहे. फिल्टरच्या बारीक नळ्यांच्या बंद टोकाशी साचलेली राख रिजनरेशनने, म्हणजे फिल्टरमधील काजळी तापवून जाळण्याच्या क्रियेने, जात नाही. इंजेक्टरही नाजूक असतात: त्यांवर थर बसतो का, हे तपासण्याच्या युरोपीय चाचणीत डिझेलमध्ये मुद्दाम जस्त मिसळतात, आणि त्यासाठी दहा लाख भागांत एक भाग पुरतो.

फिल्टर नसलेल्या जुन्या गाडीत आधी एअर फिल्टर, इंजेक्टर आणि टर्बोचे पाइप तपासावेत, कारण काळ्या धुराचे मूळ बहुधा तिथेच सापडते. त्यानंतरही प्रयोग करायचाच असेल, तर इंजिन पुरते तापवून पीयूसी केंद्रावर धुराची मोजणी करावी, सांगितलेल्या प्रमाणातच द्रव्य टाकावे आणि टाकी संपत आली की त्याच केंद्रावर पुन्हा मोजणी करावी. बीएस-४ गाडीसाठी प्रकाशशोषण गुणांकाची (धूर किती प्रकाश अडवतो याच्या मापाची) मर्यादा १.६२ आहे, त्याआधीच्या गाड्यांसाठी २.४५. आकडा उतरला तरी तो केवळ धुराच्या दाटपणाचा असतो. या चाचणीत नायट्रोजन ऑक्साइड मोजले जात नाहीत आणि काजळी घटत असतानाच वाढू शकणारे धातूचे अतिसूक्ष्म कणही तिला दिसत नाहीत. हे कण थेट फुप्फुसात खोलवर पोहोचतात, ही गोष्ट दाट वस्तीत गाडी चालवणाऱ्याने विशेष गांभीर्याने घ्यावी.

फिल्टर असलेल्या गाडीत असे द्रव्य आधीच टाकले गेले असेल, तर पुढे साधेच डिझेल भरावे, बाटलीवरील घटकांची माहिती जपून ठेवावी आणि पुढच्या सर्व्हिसिंगला ती दाखवून फिल्टरच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक तपासून घ्यावा.